वाचकांचे प्रश्न : पुरातली माती, वाळू आणि गोटे

पावसाळ्याच्या निमित्ताने या सदरासाठी नद्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख गाळावर आहे, म्हणून या वेळी त्यातलीच काही एकत्र घेतली आहेत. माती, वाळू आणि गोटे यांना आपण सरसकट गाळ म्हणतो. नदी मात्र त्या तिघांना तीन रीतींनी नेते आणि तीन ठिकाणी टाकते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

प्रश्न : पावसाळ्यात कृष्णेचे पाणी तांबूस-तपकिरी होते आणि पूर उतरल्यावरही कितीतरी दिवस निवळत नाही. वाळू मात्र पुराच्या पाण्यात कधी डोळ्यांना दिसत नाही, तरीही पूर ओसरल्यावर काठच्या उसात वाळूचा थर सापडतो. ती तिथे येते कशी? (कराड येथील वाचक)

उत्तर : पाणी गढूळ करणारी माती आणि उसात पडणारी वाळू एकाच पुरातून येतात, पण संथ पाण्यात कोणता कण किती लवकर खाली बसतो, यावर त्यांची पुढची वाट ठरते. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे बारीक कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापटीने कमी झाला की वेग शंभरपटीने घटतो. मीटरभर खोल संथ पाणी घेतले, तर एक मिलिमीटरचा वाळूचा दाणा दहा सेकंदांच्या आत तळ गाठतो. एक दशांश मिलिमीटरच्या बारीक वाळूला सुमारे दोन मिनिटे लागतात, एक शतांश मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात, आणि चिकणमातीचा दोन सहस्रांश मिलिमीटरचा कण तेवढेच अंतर उतरायला तीन दिवसांहून अधिक वेळ घेतो. हा हिशेब मुळीच न हलणाऱ्या पाण्याचा आहे. वाहत्या नदीत इतकी निवांत जागा चिकणमातीला कुठेच मिळत नाही, त्यामुळे पूर उतरला तरी पाण्याचा रंग जात नाही. ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी काचेच्या उंच बरणीत शेतातली मूठभर काळी माती आणि मूठभर वाळू टाकून, बरणी पाण्याने भरून ढवळून ठेवावी. वाळू आपण हात बाजूला घेईपर्यंत तळाशी जाते, तिच्यावर पोयट्याचा थर तासाभरात दिसू लागतो, आणि वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते.

आता नदीकडे येऊ. पुराचे पाणी सरळ रेषेत पुढे जात नाही. तळाला आणि काठांना घासून त्यात लहानमोठे भोवरे उठतात आणि पाणी सतत खालीवर उसळत राहते. सेकंदाला दोन मीटर वेगाने जाणाऱ्या पुरात वर उसळणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर सहज असतो. चिकणमातीच्या बुडण्याच्या वेगापुढे ही उसळी प्रचंड असल्यामुळे ती माती पृष्ठापासून तळापर्यंत जवळजवळ सारखी पसरते. वाळूचे तसे होत नाही. वाळू उचलली जाते, थोडी वर जाते आणि पुन्हा खाली येते. परिणामी तिचा मोठा भाग तळाजवळच्या पाण्यातून पुढे सरकतो आणि वर पाहणाऱ्याला फक्त मातीचा रंग दिसतो. पूर पात्राबाहेर पडला की पाणी उसात अडते, त्याचा वेग एकदम कमी होतो आणि सर्वांत आधी वाळू पडते, तीही काठाला लागूनच. पोयटा त्याच्यापलीकडे बसतो, आणि चिकणमाती पार आतल्या सखल जागेत, जिथे पाणी दिवसचे दिवस साचून राहते, तिथे थर धरते. काठालगतची जमीन आतल्या शेतापेक्षा किंचित उंच आणि मोकळ्या पोताची का असते, याचे कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या या वाटपात आहे.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. नदी किती वाळू नेईल हे नदीच्या जोरावर ठरते, पण ती किती चिकणमाती नेईल हे बहुतांशी वरच्या रानावर ठरते. माती मिळेल तितकी वाहून नेण्याची ताकद पुरात असतेच. प्रश्न फक्त पुरवठ्याचा असतो. जूनमध्ये नांगरून उघडी पडलेली, उन्हाने भुसभुशीत झालेली जमीन पहिल्या मोठ्या पावसात भरपूर माती देते. तेवढ्याच पाण्याचा सप्टेंबरमधला पूर, जमिनीवर पीक आणि गवत उभे असल्यामुळे, बराच निवळ असतो. याखेरीज खडकातून विरघळून आलेले क्षारही नदी नेत असते. ते दिसत नाहीत आणि कधी खालीही बसत नाहीत. उन्हाळ्यातल्या काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही ते असतात.

प्रश्न : मोठा दगड हलवायला अधिक वेग लागतो, हे समजते. पण चिकणमातीचा कण वाळूपेक्षा कितीतरी लहान असूनही ओढ्याच्या काठावरचा काळ्या मातीचा थर तसाच राहतो आणि त्याच्या पायथ्याची वाळू वाहून जाते. असे का? (नांदेड येथील भूगोलाची विद्यार्थिनी)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि या विषयातल्या एका प्रसिद्ध आलेखाचे मर्म तेच आहे. स्वीडनमधील उपसाला येथील फिलिप युलस्ट्रोम यांनी तिथल्या फ्यूरिस नदीच्या अभ्यासातून १९३५ मध्ये हा आलेख मांडला. आलेखाच्या एका बाजूला कणाचा आकार आणि दुसऱ्या बाजूला तो उचलायला लागणारा पाण्याचा वेग घेतला, तर रेषा सरळ चढत जात नाही; ती मध्ये खाली वाकते. सर्वांत सहज उचलली जाते ती पाव ते अर्ध्या मिलिमीटरची मध्यम वाळू, तिला सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या आसपासचा वेगही पुरतो. त्याहून मोठे कण वजनामुळे जड जातात आणि त्याहून बारीक कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून तेही जड जातात. दाबून घट्ट बसलेली चिकणमाती उखडायला सेकंदाला मीटरभर किंवा त्याहूनही अधिक वेग लागू शकतो, म्हणजे जवळपास मोठ्या गोट्याइतका. मात्र एकदा सुटलेली चिकणमाती अगदी मंद पाण्यातही तरंगत राहते. गोटा उचलणारा वेग थोडा कमी झाला की गोटा थांबतो. चिकणमातीच्या बाबतीत उचलण्याचा वेग आणि खाली बसण्याचा वेग यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्याकडच्या काळ्या मातीने यात स्वतःची भर घातली आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला हातभर खोल भेगा पडतात. त्यामुळे भर पावसाळ्यात न हलणारा काठ उन्हाळ्याच्या शेवटी ढेकळांत मोकळा झालेला असतो, आणि पहिल्याच लोंढ्यात ती ढेकळे पायथ्याशी कोसळून विरघळतात. काठ ढासळण्याची दुसरी वेळ पूर उतरतानाची. भिजून जड झालेल्या काठाला बाहेरून पाण्याचा आधार होता, तो पाणी झपाट्याने उतरल्यावर जातो; आपण म्हणता ती पायथ्याची वाळू आधीच वाहून गेलेली असली, तर वरचा मातीचा थर अधांतरी राहतो आणि एकसंध तुकड्याने खाली येतो. काठच्या शेतकऱ्याचे बांध अनेकदा पूर चढताना जात नाहीत, उतरताना जातात.

परीक्षेसाठी वेगाचा आलेख ठीक आहे. अभियंते मात्र वेगापेक्षा पाण्याची तळावर पडणारी ओढ मोजतात, आणि ती ढोबळमानाने पाण्याची खोली आणि तळाचा उतार यांच्या गुणाकाराइतकी असते. अल्बर्ट शील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये बर्लिन येथे केलेल्या प्रयोगांवरून, किती ओढ लागल्यावर कोणत्या आकाराचा कण हलतो, हे ठरवता येते. उदाहरण घेऊ. नदीचा तळ किलोमीटरमागे एक मीटर उतरत असेल, तर सुपारीएवढा, म्हणजे दोन सेंटिमीटरचा गोटा हलू लागण्यासाठी सुमारे दीड मीटर खोल पाणी वाहावे लागते. उतार दहापट असेल, तर वीतभर पाण्यातही तोच गोटा गडगडत जातो. घाटातला ओढा गुडघाभर पाण्यात दगड का लोटतो आणि पठारावरची रुंद नदी भरून वाहत असतानाही फक्त वाळू का पुढे नेते, याचे उत्तर या गुणाकारात मिळते.

प्रश्न : निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहिले. काळ्या कातळाला इतके खोल आणि गुळगुळीत खळगे पाण्याने पडतात की त्यातल्या गोट्यांनी? (पुणे येथील वाचक)

उत्तर : मुख्यत्वे पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी आणि वाळूने. नुसत्या स्वच्छ पाण्याला बसाल्टचा अखंड कातळ झिजवायला फार काळ लागतो. खडकातल्या एखाद्या फटीत किंवा खोलगट जागेत भोवरा स्थिर झाला, त्यात दोन-चार गोटे अडकले, की प्रत्येक पुरात ते आतल्या आत फिरत राहतात, खळगा खोल होतो, आणि खोल झाल्यामुळे पुढच्या गोट्यांना बाहेर पडणे अधिकच कठीण होते. झिजून झिजून गोटेही संपतात. त्यांची जागा वरून आलेले दुसरे गोटे घेतात. पाणी कमी असताना काही खळग्यांच्या तळाशी हे वाटोळे गोटे अजून बसलेले दिसतात.

गोट्यांचा प्रवास हा पाण्यात तरंगण्याचा नसतो. ते घरंगळतात, घसरतात, आणि लहान असले तर तळावर आपटून छोट्या उड्या मारत जातात. मोठ्या पुरात डोंगरी नदीच्या काठी उभे राहिले, तर पाण्याच्या आवाजाखाली दगड एकमेकांवर आदळल्याचा जड, गडगडणारा आवाज वेगळा ऐकू येतो. पूर उतरल्यावर गोट्यांच्या पट्ट्यावर दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसलेले असतात आणि बहुतेकांचा कल उगमाच्या दिशेने खाली झुकलेला असतो, कारण त्या बैठकीत पाणी त्यांना सहज उलटवू शकत नाही; पात्र कोरडे असले तरी पाणी कोणत्या बाजूने वाहिले, हे त्यावरून सांगता येते. दुसरे असे, की वरचा गोटा उचलला तर त्याच्याखाली बारीक रेती निघते. वरची बारीक रेती पाण्याने निवडून नेलेली असते आणि उरलेल्या मोठ्या गोट्यांचे जणू चिलखत खालच्या रेतीवर तयार झालेले असते. हे चिलखत मोठा पूर येईपर्यंत फुटत नाही, आणि म्हणूनच गोट्यांचा बहुतेक प्रवास वर्षाच्या मोजक्या दिवसांत उरकतो.

दगडाची जातही महत्त्वाची आहे. बसाल्टचे गोटे वाटेत झिजून त्यांची वाळू आणि माती होते. त्याच बसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले अकीक आणि जास्पर फार कठीण असल्यामुळे टिकून राहतात. प्रवरेकाठी नेवासे येथे सापडलेली बरीच अश्मयुगीन हत्यारे याच जातीच्या दगडांची आहेत. नदीने आधीच निवडून ठेवलेला कठीण दगड त्या माणसांनी उचलला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

प्रश्न : नदीच्या वळणावर वाळू नेहमी आतल्या बाजूलाच का साचते? (सांगली येथील वाचक)

उत्तर : कपात चहा ढवळला की तळाची पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते, तेच इथे घडते, आणि ही उपमा आमची नाही, ती खुद्द अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांवर लिहिलेल्या छोट्या निबंधातली आहे. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते आणि तिथली पातळी किंचित चढते. तळाचे पाणी घर्षणामुळे मंद असते, त्यामुळे चढलेल्या पातळीचा दाब त्याला आतल्या बाजूला ढकलतो, आणि ते जाताना तळाची वाळू बरोबर नेते. बाहेरच्या काठाशी डोह पडतो, आत वाळूची पुळण वाढते. पुढे आइनस्टाइन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट यांनी नदीतळाच्या गाळाची वाहतूक हाच आपला जन्माचा विषय केला; ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे प्राध्यापक होते.

१९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत अशा वळणांच्या मोठ्या प्रतिकृती करून अभ्यास केला जातो. प्रतिकृतीत नदी शंभरपट लहान करता येते, पण वाळू शंभरपट लहान केली की तिची चिकट माती होते आणि ती वाळूसारखी वागेनाशी होते. त्यामुळे असल्या प्रयोगांत कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वाळूच्या जागी वापरावे लागतात.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याचे काम झाले. नदी खोल केली की पूर येणार नाही, असे मानावे का? (चिपळूण येथील वाचक)

उत्तर : तसे मानू नये, पण काम निरुपयोगी आहे असेही म्हणू नये. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरणारी वाशिष्ठी थोड्याच अंतरात सपाटीला लागते. वर सांगितलेला गुणाकार इथे लावून पाहा : पाण्याची खोली तेवढीच राहिली आणि उतार दहाव्या हिश्श्यावर आला, तर ओढही दहाव्या हिश्श्यावर येते. डोंगरातून आणलेले दगडगोटे आणि जाडी रेती नदीला तिथेच टाकावी लागते. त्यात नदीचा दोष नाही आणि ते टाळताही येत नाही. शहराच्या खाली भरतीचे पाणी वर येते. पुराची वेळ आणि भरतीची वेळ एक झाली, तर उतार आणखी कमी होऊन पाणी तुंबते. खाऱ्या पाण्यात चिकणमातीच्या कणांचे पुंजके बनतात आणि एरवी दिवसेंदिवस तरंगणारी माती लवकर खाली बसते. कोकणातल्या खाड्या भरत जाण्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

पात्राच्या मध्ये झाडे-झुडपे वाढून पक्की झालेली बेटे आणि पुलांच्या खांबांना अडकलेला भराव काढला, तर पाण्याला वाट मिळते आणि लहान-मध्यम पुरांची पातळी त्या भागात निश्चित उतरते. याउलट तळात नुसते खड्डे घेतले, तर पुढचे एक-दोन पावसाळे ते बुजवून टाकतात, कारण खड्ड्यात पाण्याची ओढ कमी होते आणि वरून येणारा गाळ आधी तिथेच पडतो. खड्ड्याच्या वरच्या टोकाशी मात्र पाणी अधिक उतार मिळाल्यामुळे तळ कोरत मागे मागे जाते, आणि वरच्या पुलांचे पाये उघडे पडण्याचा धोका असतो. बेसुमार वाळूउपशाने नेमके हेच होते, शिवाय काठच्या विहिरींचे पाणीही खाली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान क्षेत्रावरील, वाळूसारख्या गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, त्यामागे हीच चिंता होती.

आमच्या मते दोन गोष्टींकडे फार कमी लक्ष दिले जाते. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर पहिल्या मोठ्या पुरात तो परत पात्रात जातो आणि केलेला खर्च वाया जातो. दुसरी गोष्ट वरच्या डोंगराची आहे. जुलै २०२१ मध्ये रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या डोंगरांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. तो राडारोडा एका वर्षात खाली येत नाही, ओढ्यांमध्ये साठून राहतो आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात थोडाथोडा उतरतो. म्हणजे गाळ काढणे हे एकदाचे काम नसून वर्षावर्षाला मोजमाप घेऊन करायचे देखभालीचे काम आहे, आणि नगरपालिकेने ते त्याच दृष्टीने अंदाजपत्रकात धरायला हवे.

प्रश्न : शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून आमच्या गावच्या तलावातला गाळ शेतात टाकायचा आहे. कोणत्या जागेचा गाळ घ्यावा? सगळा गाळ भिंतीपाशीच असतो का? (बीड जिल्ह्यातील शेतकरी)

उत्तर : सगळा गाळ भिंतीपाशी नसतो, आणि धरणांच्या नियोजनातही हा गैरसमज बराच काळ होता. गाळासाठी तळाचा मृतसाठा, म्हणजे वापरता न येणारी सर्वांत खालची जागा, राखून ठेवला की वरचा उपयुक्त साठा सुरक्षित राहील, असे धरले जाई. प्रत्यक्षात ओढ्याचे पाणी तलावाच्या थोपलेल्या पाण्याला जिथे भिडते तिथेच त्याचा वेग मोडतो. गोटे आणि वाळू तोंडाशी पडतात आणि त्यांचा पंखा हळूहळू तलावात पुढे सरकत जातो, म्हणजे उपयुक्त साठ्याची जागाच आधी जाऊ लागते. पोयटा मध्यावर बसतो आणि चिकणमाती भिंतीपर्यंत पोहोचते. चीनमध्ये पीत नदीवरील सानमेन्श्या धरण १९६० मध्ये भरायला घेतल्यावर इतक्या वेगाने गाळाने भरू लागले, की गाळ बाहेर सोडण्यासाठी त्याची रचना बदलावी लागली. धरणाखाली उलट अडचण होते : गाळ वर अडला की सुटणारे पाणी रिकाम्या हाताने निघते आणि पुढच्या पात्राचा तळ व काठ कोरू लागते. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर नाईलच्या मुखाशी नवी माती पोहोचेनाशी झाली आणि तिथला किनारा समुद्र खाऊ लागला.

आपल्यापुरते सांगायचे, तर ओढा जिथे तलावात शिरतो त्या टोकाचा गाळ शेतात टाकू नये. त्यात वाळू आणि खडे अधिक असतात. तलावाच्या मध्यापासून भिंतीकडच्या भागातली माती घ्यावी, मात्र भिंतीच्या पायथ्याला लागून खोदू नये, आणि तलावाचा मूळ तळ लागला की थांबावे, कारण खालचा थर फोडल्यास पाझर वाढून तलाव गळू शकतो. माती ओली करून तळहातावर वळून पाहावी. लांब, न तुटणारी वळी झाली तर चिकणमाती भरपूर आहे. वळताना तुटली आणि बोटांना खरखर लागली तर वाळू आहे. हलक्या, मुरमाड, उथळ जमिनीला हा चिकणमातीचा गाळ मानवतो, कारण ओल धरून ठेवण्याची तिची ताकद वाढते. शेत आधीच भारी काळ्या मातीचे असेल तर त्यात आणखी चिकणमाती घालून निचरा बिघडवण्यात अर्थ नाही. गाळ उन्हाळ्यातच पातळ पसरावा, ढेकळे उन्हाने फुटू द्यावीत, आणि पावसाआधी नांगरून-वखरून तो खालच्या मातीत मिसळावा. वर तसाच राहिला तर तो पहिल्या जोरदार पावसात पुन्हा ओढ्याला लागेल. टाकण्यापूर्वी जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून क्षारांची तपासणी करून घ्यावी, विशेषतः तलावाच्या वरच्या बाजूला बारमाही बागायत असेल तर.